बाकडं, १९८६

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझी नणंद ग्रंथालयात शिरली ती "अगं, मेले मी!" असं ओरडतच. ग्रंथालयात ओरडू नये, ही पाटी मीच लिहून लावलेली आहे. ताईंनी ती पाटी माझ्या टेबलावर आडवी केली, तिच्यावर आपली फुगलेली पिशवी ठेवली आणि बसायला खुर्ची शोधू लागल्या. माझ्या टेबलासमोर खुर्ची नाही. ती मी मुद्दाम काढून टाकली आहे, कारण खुर्ची दिली की लोक बसतात आणि बसले की उठत नाहीत. ताई सरळ टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या.

"सरक," त्या म्हणाल्या, आणि माझ्याच खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसल्या. मी कुरकुरत सरकले.

मी या विद्यापीठात संदर्भ-ग्रंथपाल आहे. लोक वर्षानुवर्षं प्रबंध लिहितात आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्या लक्षात येतं, की आपण कुठून काय घेतलं तेही सांगायचं असतं. मग ते माझ्याकडे धावतात. संदर्भ सांभाळणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात लेखक, पुस्तक, साल एकदा भरलं की प्रबंधात जागच्या जागी कंस पडतात आणि शेवटची यादी आपोआप तयार होते. आपोआप म्हटलं की माझं डोकं फिरतं. वीस वर्षांच्या नोकरीत मी आपोआप झालेली एकच गोष्ट पाहिली आहे, ती म्हणजे घोळ.

ताई साठीच्या, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. नऊ वर्षं त्या पीएच.डी. करत होत्या. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळत नाही. आज संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध दाखल झाला नाही, तर नोंदणी रद्द आणि नऊ वर्षं पाण्यात. घरात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. म्हणूनच त्यांनी कालच प्रबंध दाखल केला होता आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं होतं.

"परत आला," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन माझ्या नाकाला टेकवला.

प्रबंध विभागाच्या तपासनीस बाईंचा निरोप होता. "संदर्भांत संस्थांची नावे व्यक्तींप्रमाणे छापली गेली आहेत. दुरुस्त करून आज पाचपर्यंत पुन्हा दाखल करावे. शब्दमर्यादा ऐंशी हजार आहे, याची नोंद घ्यावी."

मी प्रबंध उघडून संदर्भसूचीवर गेले आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. मंडळ आडनावाची अकरा माणसं एका रांगेत उभी होती. मंडळ, पा. शु. त्याखाली मंडळ, बां. का. त्याखाली महासंघ आडनावाचे सात भाऊ. आणि सगळ्यात खाली, सोळा नावं असलेला घराण्याचा मूळपुरुष: संघटना, लि. दु. ते. क. दो. त. जि. झा. रा. प. व. ब. का. यां. प. सा.

"हे कोण गृहस्थ?" मी विचारलं.

"हसू नकोस," ताई म्हणाल्या. "त्याने आडनाव विचारलं, मी दिलं. मग नाव विचारलं, तेही दिलं. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यावं, अशी आमच्या घरची शिकवण आहे."

"माझ्याही सासरची तीच. पण संस्थेला आडनाव असतं का, ताई?"

"मला काय ठाऊक! मला वाटलं, संगणकात असत असेल."

झालं होतं असं. सॉफ्टवेअरमध्ये लेखकासाठी दोन चौकटी असतात, एक आडनावाची, एक नावाची. त्यांच्या कडेला मुंगीएवढं एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही चौकटी मिळून एक होते आणि सॉफ्टवेअरला कळतं, की हा माणूस नाही, ही संस्था आहे, हिचं नाव तोडायचं नाही. ताईंनी नऊ वर्षांत ते बटण एकदाही पाहिलं नव्हतं. प्रत्येक संस्थेचा शेवटचा शब्द त्यांनी आडनाव म्हणून भरला होता, आणि उरलेलं नाव सॉफ्टवेअरने इमानेइतबारे आद्याक्षरांत कापून काढलं होतं.

"एवढंच ना? चुटकीसरशी करते," मी म्हटलं. माझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं कुणीतरी. एकूण एक्केचाळीस संस्था. एक्केचाळीस वेळा मी ती मुंगी दाबली, नावं सरळ केली, आणि ऐटीत सगळा प्रबंध ताजा करायचं बटण दाबलं.

प्रबंध थरथरला. मग तो फुगायला लागला. तीनशे बारा पानं होती त्याची तीनशे एकोणीस झाली, मग तीनशे सव्वीस, आणि तीनशे एकतीसवर धाप लागून तो थांबला. मी खाली कोपऱ्यात शब्दांचा आकडा पाहिला. सकाळी तो एकोणऐंशी हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी होता. आता चौऱ्याऐंशी हजार दोनशे बारा झाला होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चूक होती तोवर प्रबंध मर्यादेत होता. मजकुरातल्या कंसात फक्त आडनाव येतं, म्हणून आतापर्यंत जिथेतिथे नुसतं "संघटना, १९८६" छापलं जात होतं. मी चूक सुधारली आणि प्रत्येक कंसात संस्थेचं अख्खं नाव येऊन बसलं. मर्यादेपेक्षा चार हजार दोनशे बारा शब्द जास्त, आणि ते मी वाढवले, अर्ध्या मिनिटात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. तुमचा प्रबंध जरा अंगाने भरलाय."

यावर उपाय आहे, आणि तो आमच्या नियमपुस्तिकेच्या चौदाव्या पानावर आहे. संस्थेचं नाव प्रबंधात पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहायचं, त्याच्यापुढे संक्षेप द्यायचा, आणि मग सगळीकडे फक्त संक्षेप. सॉफ्टवेअरमध्ये संक्षेपासाठी वेगळी चौकट असते. फक्त त्या बिचाऱ्याला पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं हे कळत नाही, म्हणून पहिल्या जागी आपण हाताने पूर्ण नाव लिहायचं. ताईंनी चष्मा सावरला, मी बाह्या सरसावल्या, आणि आम्ही दोघी एका खुर्चीवरून कामाला लागलो.

पाणी शुद्धीकरण मंडळाचं पाशुमं झालं. बांधकाम कामगार मंडळाचं बांकामं झालं. वीज कामगार महासंघ वीकाम झाला आणि सगळे सुटसुटीत, आटोपशीर दिसायला लागले. एकेका नावाबरोबर आकडा खाली घसरत होता, पन्नासने, तीसने, एकदा तर चक्क नव्वदने, आणि प्रत्येक घसरणीला ताई टाळी वाजवत होत्या. समोरच्या टेबलावरच्या विद्यार्थ्यांनी दोनदा शू शू केलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की तिसऱ्यांदा केलं नाही.

बारा वाजेपर्यंत आम्हाला त्याची नशा चढली.

"ताई, बिआका?"

"म्हणजे?"

"बिस्किट आहे का?"

"आपिआ," ताई म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या. आहे, पिशवीत आहे.

माझ्या नवऱ्याचा फोन आला, बहिणीचं काय झालं म्हणून. मी "कानंफो" म्हणून फोन ठेवला. त्याने लगेच परत फोन करून विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना. कामात आहे, नंतर फोन करते, इतकं साधं पुरुषाला कळू नये! ताई इतक्या हसल्या, की खुर्चीवरून घसरून जवळजवळ पडल्याच. आमचं नणंद-भावजयीचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी पुस्तकं उंचीनुसार लावली होती, आणि ती गोष्ट मी आजतागायत विसरलेली नाही. पण त्या दिवशी दुपारी मला त्यांचा राग येईना, कितीही प्रयत्न केला तरी.

एक वाजता चाळीस संस्था आटोपल्या. आकडा त्र्याऐंशी हजार एकशे वीस. अजून तीन हजार एकशे वीस जास्त. उरली एकच संस्था, तो सोळा नावांचा मूळपुरुष. प्रबंधाचा विषयच ती होती, आणि तिचा उल्लेख होता दोनशे एकतीस वेळा. पूर्ण नाव सतरा शब्दांचं: लिफ्टचालक, दुरुस्तीकार, तेलपाणी करणारे, दोर तपासणारे, जिने झाडणारे, रात्रपाळीचे पहारेकरी व बदली कामगार यांची परस्पर साहाय्य संघटना.

"हिच्यात सगळं घबाड आहे," मी म्हटलं आणि टाइप केलं: लिदुतेदोजिराबपसासं.

ताईंचं हसू मावळलं. "हिला नाही करायचं."

"अहो, हिला नाही केलं तर बाकी चाळीस करून काय उपयोग?"

"जिने झाडणाऱ्या बायका कुठे गेल्या?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. "या काय. 'जि'मध्ये."

"त्या 'जि'मध्ये मावायच्या नाहीत," ताई म्हणाल्या. "तू ओळखत नाहीस त्यांना."

मी ओळखत नव्हते, पण त्या नावाची गोष्ट मला माहीत होती. ताईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करायचे. संघटना त्यांनीच उभी केली, १९८६ साली. पहिल्या सभेत नाव ठरलं होतं नुसतं लिफ्ट कामगार संघटना. तेव्हा जिने झाडणाऱ्या बायका उठून म्हणाल्या, लिफ्ट बंद पडली की सगळी दुनिया आमच्याच जिन्यावरून जाते, मग आम्ही कोण? भाऊजींनी त्यांना नावात घेतलं. दुसऱ्या सभेत दोर तपासणारे आणि पहारेकरी आले. बदली कामगारांसाठी तिसरी सभा झाली, आणि त्यांच्यासाठी भाऊजी सगळ्यांशी भांडले, कारण ते स्वतः आठ वर्षं बदलीवर होते. एकदा कुठल्याशा कार्यालयाने पत्रावर "लिफ्ट कामगार वगैरे संघटना" असं लिहिलं. भाऊजींनी ते पत्र न उघडता परत पाठवलं आणि पाकिटावर लिहिलं, आमच्यात वगैरे कोणी नाही.

भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या सभांची टिपणं, परिपत्रकं, पत्रं, सगळं ताईंनी प्रबंधात आणलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि घड्याळही दिसत होतं.

"मग दुसरं काहीतरी कापा," मी म्हटलं. "तिसरं प्रकरण काढून टाका."

"तिसरं प्रकरण पहारेकऱ्यांचं आहे."

"चौथं?"

"बदली कामगार. कापायचं ते मी आधीच कापलंय. ऋणनिर्देश दोन पानांचा होता, तो चार ओळींचा केला. आता माझ्यापाशी वगैरे काही उरलेलं नाही. नाही झाले डॉक्टर तर नाही झाले. पण त्यांचं नाव मी त्यांच्याच प्रबंधात तोडणार नाही."

मला राग आला. खरं सांगायचं तर रडू येत होतं, पण माझं रडू आधी रागाचे कपडे घालून येतं. नऊ वर्षं या बाईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं होतं आणि आता नावातल्या सतरा शब्दांपायी ती सगळ्यावर पाणी सोडायला निघाली होती. बरं, माझा तो लिदुते काय तोही नियमात बसत नव्हताच. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, संक्षेप मनाने बनवायचा नाही, संस्था स्वतः जो वापरत होती तोच घ्यायचा. बाकी चाळीस संस्थांचे संक्षेप त्यांच्या त्यांच्या कागदांवर सापडले होते. मग हिच्या कागदांवर काय आहे? सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला मूळ कागदाचं छायाचित्र जोडता येतं, आणि ताईंनी ते नेमाने जोडलं होतं. मी पहिलं परिपत्रक उघडायला गेले.

"ते नको उघडूस," ताई पटकन म्हणाल्या.

मी उघडलं. हाताने लिहून छापलेलं परिपत्रक. वर तीन ओळींत ते भलंमोठं नाव. खाली सभेची वेळ. आणि अगदी शेवटी, सहीच्या जागी, भाऊजींच्या अक्षरात: "सर्वांनी यावे. जागा करू. — बाकडं."

मी दुसरं परिपत्रक उघडलं. बाकडं. तिसरं. बाकडं. सभेच्या टिपणांत वर पूर्ण नाव आणि खाली ओळीओळीला, बाकड्याने ठरवले, बाकड्याचे म्हणणे असे, बाकड्यातर्फे पहारेकऱ्यांना नव्या शिट्ट्या.

"ताई, हे काय आहे?"

ताई लाल झाल्या. साठ वर्षांच्या बाईला इतकं लाल होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "ते आपापसातलं आहे गं. नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती. तिथे एक बाकडं होतं. सभा तिथे व्हायच्या. बाकडं तिघांचं आणि माणसं सात जातीच्या कामांची. कुणी नवं आलं की सगळे सरकायचे. टोकाचा माणूस खाली ग्रीसच्या डब्यावर जाऊन बसायचा. म्हणून त्याचं नाव ग्रीसकाका पडलं. मग सगळे संघटनेलाच बाकडं म्हणायला लागले."

"आणि हे तुम्ही नऊ वर्षं मला सांगितलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"काय सांगू? समितीसमोर उभी राहून बाकडं म्हणू? आधीच लोक विचारतात, एवढं शिकून लिफ्टवाल्यांवर कशाला लिहिता. आणि हे सांगून गेलेत, बाहेर बोलताना नेहमी पूर्ण नाव घ्यायचं. एकही शब्द गाळायचा नाही."

दोन वाजून गेले होते. मी म्हटलं, ग्रीसकाका आहेत ना अजून, त्यांना विचारा. ताईंनी फोन लावला, पण कशासाठी ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकांनी नाही म्हणावं आणि आपण सुटावं, असंच त्यांना वाटत होतं. ग्रीसकाका ऐंशीच्या घरातले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्वतः ओरडून बोलतात, म्हणून सगळ्या ग्रंथालयाने ते संभाषण ऐकलं.

"काका, प्रबंधात संघटनेला बाकडं म्हटलं तर चालेल का?" ताई म्हणाल्या. "नाही ना चालणार?"

"मग इतकी वर्षं काय म्हणत होतीस?"

"पूर्ण नाव."

"दर वेळी?" काका हसायला लागले आणि मग खोकायला लागले. "अगं, आम्हाला दम लागला असता! सभा संपली असती नाव घेता घेता!"

"पण त्यांनीच सांगितलं होतं ना, बाहेर पूर्ण नाव..."

"दारात, पोरी, दारात! दारात पूर्ण नाव सांगायचं, म्हणजे आलेल्याला कळलं पाहिजे आत कोण कोण बसलंय. एकदा माणूस आत आला की मग बाकडं. आत आलेल्याला कोण परत परत नाव सांगतं? तुझं पुस्तक वाचणारा माणूस आत आलाय की दारातच उभा आहे?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमपुस्तिकेचं चौदावं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे संस्था स्वतः वापरत असलेला संक्षेप. नियम करणाऱ्या विद्वानांनी दीड पान खर्च करून जे सांगितलं होतं, ते ग्रीसकाकांनी दोन वाक्यांत उरकलं होतं.

ताई हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या आणि रडता रडता पुन्हा हसायला लागल्या. फोनमधून काका ओरडत होते, "काय झालं? पडलं का कोणी?"

"सरक," ताई मला म्हणाल्या. संक्षेपाच्या चौकटीत त्यांनी स्वतः, एका बोटाने, तीन अक्षरं टाइप केली. मी सोळाव्या पानावर, जिथे संघटना पहिल्यांदा येते तिथे, पूर्ण नाव सतराच्या सतरा शब्दांत लिहिलं आणि त्याच्यापुढे कंसात बाकडं. मग आम्ही दोघींनी मिळून ते बटण दाबलं.

प्रबंधाने पोट आत घेतलं. दोनशे एकतीस जागी बाकडं उमटत गेलं, (बाकडं, १९८६), (बाकडं, १९८९), (बाकडं, १९९२), आणि पानांचा आकडा उलटा धावत सुटला. शब्द थांबले ते एकोणऐंशी हजार चारशे एक्केचाळीसवर. मी खुर्चीतून उठून उडी मारली. वीस वर्षं ज्या ग्रंथालयात मी लोकांना खुर्ची सरकवल्याबद्दल दम दिला, तिथे मी उडी मारली, आणि ज्यांनी सकाळी शू शू केलं होतं त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, बाकडं म्हणजे काय? मी म्हटलं, दारात वाच आधी, पान सोळा.

"किती उरले गं?" ताईंनी विचारलं.

"काय?"

"शब्द."

"पाचशे एकोणसाठ."

ताईंनी डोळे पुसले, मला खुर्चीवरून पूर्ण उठवलं आणि म्हणाल्या, "तू तिकडे तोंड कर." मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पाठीमागे एका बोटाचं टाइपिंग चालू होतं, टक, टक, टक. तीन वाजले, साडेतीन वाजले. मी ओरडले, "ताई, वेआ!" त्या म्हणाल्या, "गबै!" वेळ आटोपली, आणि गप्प बैस. आम्हाला आता भाषांतराची गरज उरली नव्हती.

सव्वाचारला त्यांनी प्रबंध संगणकावरून पाठवला. पावतीवर सही करायला प्रबंध विभागात स्वतः जावं लागतं. तो तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट बंद. "बघ," ताई धापा टाकत म्हणाल्या, "सगळी दुनिया जिन्यावरूनच जाते." जिने स्वच्छ झाडलेले होते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खिडकीमागच्या तपासनीस बाईंनी प्रबंध पडद्यावर उघडला. संदर्भसूची पाहिली, मान हलवली. शब्दांचा आकडा पाहिला, मान हलवली. मग मधलंच एक पान उघडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बाकडं? हे काय लिहिलंय, बाकडं?"

माझी जीभ शिवशिवली. पण मी काही बोलायच्या आत ताई ताठ उभ्या राहिल्या, आणि तीन जिने चढून आलेल्या त्या बाईने एका श्वासात, एकही शब्द न गाळता म्हटलं, "लिफ्टचालक, दुरुस्तीकार, तेलपाणी करणारे, दोर तपासणारे, जिने झाडणारे, रात्रपाळीचे पहारेकरी व बदली कामगार यांची परस्पर साहाय्य संघटना. ती स्वतःला बाकडं म्हणायची. पुरावा जोडलेला आहे, छत्तीस कागद."

तपासनीस बाईंनी सोळावं पान काढून वाचलं. मग एक कागद उघडून वाचला. "सर्वांनी यावे, जागा करू," त्या हळूच म्हणाल्या, आणि पावतीवर शिक्का मारला. पाचला अकरा मिनिटं कमी होती.

परत येताना ताई घरी फोन करायला जिन्यात थांबल्या. भावाशी बोलताना पहिलं वाक्य त्या पूर्ण बोलल्या, त्यानंतर मात्र संक्षेप सुरू झाले, आणि माझा नवरा पलीकडून "काय? काय?" करत राहिला. मी माझ्या टेबलापाशी आले. पडद्यावर प्रबंध तसाच उघडा होता, आणि काम संपल्यावर पुन्हा एकदा चुका शोधायची माझी खोड आहे.

ऋणनिर्देश आता दोन पानांचा झाला होता. त्यात लिफ्टचालक होते, दुरुस्तीकार होते, तेलपाणी करणारे, दोर तपासणारे, जिने झाडणाऱ्या बायका, पहारेकरी आणि बदली कामगार, एकेकाचं नाव घेऊन, कुणाला वगैरेत न ढकलता. ग्रीसकाकांना वेगळी ओळ होती. भाऊजींना एकच शब्द होता, तो मी इथे सांगणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या जागेत, लिहिलं होतं: "आणि माझी भावजय. ती कुरकुरली, पण सरकली."

चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी तीनदा वाचलं. मग भिंतीपाशी गेले, वर्षानुवर्षं तिथे ठेवून दिलेली ती खुर्ची उचलून आणली आणि माझ्या टेबलासमोर ठेवली.

ताई आल्या, खुर्चीकडे पाहिलं, आणि टेबलाला वळसा घालून माझ्याच बाजूला आल्या.